सीरियसचा कुवेती अर्थ

शत्रुघ्नला कुवेतमधले मराठी लोक ‘शत्रू’ म्हणत आणि तो ते चालवून घेई. गावाकडे आई ‘शतरू’ म्हणायची, त्याचंच हे सुटाबुटातलं रूप, असं त्याचं म्हणणं. संगमेश्वराकडच्या एका वाडीतला माणूस. एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत कामाला, रिग्गईतल्या एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहायला. वय पंचेचाळीसच्या पुढे, केस काळे केलेले, बिनलग्नाचा. “शेकडो लग्नांत वाजवलं, माझ्या लग्नात वाजवायला कोण मिळेना, म्हणून राहिलं,” हा त्याचा ठरलेला विनोद. खरं कारण अगदी साधं होतं. मुलगी बघायचं ठरलं त्याच वर्षी बापूस वारला, आणि पुढच्या वर्षी हा कुवेतला निघून आला. मग दर सुट्टीत आईने स्थळं दाखवायची आणि याने नाकं मुरडायची, यातच जवानी गेली.

देवमाणूस वगैरे तो मुळीच नव्हता. कामाला चांगला, बोलायला गोड, पण डक्टला पडलेला पोचा कुणी दाखवला तर दोन दिवस त्या माणसाशी अबोला. खोलीतल्या तौफीकचा शाम्पू बिनदिक्कत वापरायचा आणि वर “संपत आलाय, आण नवीन” म्हणायचा. एकच गोष्ट त्याला देवाने हात न आखडता दिली होती. तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची बुटकी बहीण. शत्रुघ्नच्या ओठांना ती लागली की रस्त्याने चाललेला माणूस वळून बघायचा.

हे वाजवणं घरातलं. बापसाचं वाडीत बँडपथक होतं. लाल डगले, सोनेरी फिती, डोक्यावर तुरा. मोठा मुलगा शंकर ढोल वाजवी, धाकटा शत्रुघ्न कॉर्नेट. आई, गंगूबाई, काही वाजवत नसे, पण सगळं पथक तिच्या जिवावर उभं होतं. चिंच आणि राख घेऊन ती पितळ घासायची, डगल्यांच्या उसवलेल्या फिती टाचायची, आणि लग्नमंडपाच्या मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या चुलीपाशी उभी राहून ऐकायची. तिची एक तक्रार कायम होती. “माणसा जेवतात, भांडतात, नवरीचे दागिने बघतात. आयकत कोण नाय,” ती म्हणायची. “जनरेटर बंद पडला की तेवढी गप्प होतात.”

बापूस गेला, डीजे आले, पथक मोडलं. शंकर शेती आणि रिक्षा यांवर राहिला. शत्रुघ्नने कॉर्नेट टॉवेलात गुंडाळून कुवेतला आणली आणि कितीतरी वर्षं ती पलंगाखाली पडून राहिली.

ती बाहेर काढली नंदकुमारने. नंदकुमार कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंट्सचा मॅनेजर. कॉलेजात एनसीसीच्या बँडमध्ये होता आणि ते खूळ त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. कुवेतच्या मराठी मंडळाच्या गणपतीत शत्रुघ्नचं वाजवणं त्याने ऐकलं आणि त्याच आठवड्यात जाहीर केलं की कुवेतच्या मराठी लोकांचा स्वतःचा ब्रास बँड निघणार. लोक हसले. पण बँकेत नोकरी करणारी सुमेधा सेक्रेटरी झाली, आणि सुमेधाने हातात घेतलेलं काम होतच असे. कुठून कुठून माणसं जमली. आयटीतली पोरं होती, दोन डॉक्टर होते, आणि कोकणातून काँट्रॅक्टवर आलेले, लग्नाच्या बँडात वाजवून ओठ तयार झालेले चौघे-पाचजण. रिग्गईतल्या एका इमारतीच्या तळघरात शुक्रवारी तालीम व्हायची. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तक्रार केली, मग हिवाळ्यात खैरानला समुद्रकाठी शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेऊन तिथे तालीम. तिथे ऐकायला फक्त समुद्र होता आणि त्याची तक्रार नव्हती.

“शत्रू आपल्याच गोटात आहे, मग युद्ध जिंकलंच,” असं नंदकुमार दर तालमीला म्हणायचा आणि सगळे दर वेळी हसायचे.

हे युद्ध म्हणजे इटलीतलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या डोंगरांत मराठा पलटणी लढल्या होत्या. आपली कोकणातली, साताऱ्याकडची पोरं तिथे मेली, तिथेच पुरली किंवा जाळली गेली. नंदकुमारने पत्रव्यवहार करून करून एका गावाकडून आमंत्रण मिळवलं. डोंगरावरचं लहानसं गाव, दर उन्हाळ्यात ते लोक आपल्या चौकातल्या दगडापुढे त्या सैनिकांची आठवण काढतात. आदल्या दिवशी खालच्या दरीतल्या दफनभूमीत वाजवायचं, दुसऱ्या दिवशी गावात. गावाचं नाव बँडमधल्या कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून सगळे ‘वरचं गाव’ म्हणत.

त्या दगडापुढे शेवटी एकट्या माणसाने बिगुलाचे सूर वाजवायचे आणि मग सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं, असा रिवाज. तो एकटा माणूस शत्रुघ्न.

ते सूर म्हणजे काही अवघड गोष्ट नव्हती. अवघड होती शत्रुघ्नची सवय. प्रत्येक सुराच्या शेवटी त्याचे ओठ आपोआप एक हरकत घ्यायचे, सूर जरा वर उडवून खाली आणायचे.

“अरे, वरात नाहीये ही,” नंदकुमार ओरडायचा. “घोडा नाचवायचा नाहीये. सरळ ठेव.”

“सरळच ठेवतोय की, सर.”

“सरळ ठेवून शेवटी शेपटी हलवतोस.”

महिनाभर ती शेपटी कापण्यात गेला. गेली एकदाची.

गंगूबाईंना त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तिथे सगळा गाव उभा राहणार, टोप्या काढणार, मी वाजवणार आणि कुणी हूं की चूं करणार नाही.

“खोटा,” गंगूबाई म्हणाल्या.

“आयशप्पथ.”

“पोरा पण गप?”

“पोरा पण गप.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या वाडीला सांगितलं, की माझा शतरू इटलीला जातोय आणि तिकडची माणसं त्याचं उभ्याने ऐकणार आहेत. घरोघर जाऊन सांगितलं. वहिनीने, शंकरच्या बायकोने, नर्मदाने, हे नंतर शत्रुघ्नला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका फुगला की तौफीक म्हणाला, “दार मोठं करून घ्यायला लागेल आता खोलीचं.”

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शंकरचा फोन आला.

शत्रुघ्न बॅग भरत होता. तौफीक मासे तळत होता. पासपोर्टवर इटलीचा व्हिसा लागला होता, कंपनीने रजा दिली होती, देश सोडायची परवानगी मंजूर झाली होती. फोनवर शंकर म्हणाला, “शतरू, आये सीरियस हाय. लगेच ये.”

“व्हय,” शत्रुघ्न म्हणाला. “कळला.”

आणि फोन ठेवला.

काय कळलं, हे कुवेतमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गल्फमधल्या माणसाला घरून ‘सीरियस आहे’ असा फोन येतो तेव्हा ते माणूस गेलेलं असतं. सगळ्यांना ठाऊक असतं. पोराने एकट्याने विमानात बसून यायचं, मग मुंबईहून रात्रभर गाडीत, तर वाटेत त्याला काही होऊ नये, म्हणून घरचे ‘सीरियस’ म्हणतात आणि दारात उतरल्यावर खरं सांगतात. आणि पोरगाही आपल्याला कळलंच नाही असं दाखवतो. उलटून कुणी विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं. खोलीतल्याच रियाजचा बाप असाच सीरियस झाला होता, तौफीकची थोरली बहीण अशीच. त्या खोलीतल्या प्रत्येकाचं एकेक माणूस त्या एका शब्दात गेलं होतं.

तौफीकने गॅस बंद केला. रियाज पलंगावरून उतरून खाली सतरंजीवर बसला. शत्रुघ्नने बॅगेतला टॉवेल काढला आणि तोंडावर धरून रडला.

इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण वाचणाऱ्याला अंधारात ठेवून रडवण्यात काही अर्थ नसतो. गंगूबाई जिवंत होत्या. छातीत पाणी झालं होतं, तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, डॉक्टर म्हणाला होता की काही सांगता येत नाही, जवळच्यांना बोलावून घ्या. शंकर कधी गल्फला गेला नव्हता. त्याला ‘सीरियस’चा एकच अर्थ ठाऊक होता, जो डॉक्टरला ठाऊक होता तो.

तौफीकने सुमेधाला कळवलं. ती आणि नंदकुमार लगेच गाडी काढून रिग्गईला आले. सुमेधा सतरंजीवर मांडी घालून बसली. “शत्रुघ्न, तुम्ही घरी जा,” ती म्हणाली. “मी तिकीट बघते आत्ता. बिगुलाचं आपण काढून टाकू कार्यक्रमातून, नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊ.”

ते एकट्याने निभावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

नंदकुमार भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “निर्णय तुझा, शत्रू. आम्ही काही म्हणणार नाही.”

काही म्हणणार नाही असं सांगण्यापुरतंच तो बोलला, आणि तेवढं पुरलं. शत्रुघ्नने टॉवेल खाली ठेवला आणि मोठ्याने हिशेब मांडायला लागला. आता निघालो तरी उद्याच्या आत पोचत नाही. बॉडी काय माझ्यासाठी ठेवणार नाहीत, उन्हाळा आहे. अग्नी दादा देणार, थोरला आहे. मी जाऊन राखेपुढे उभा राहणार. तेच इटली करून गेलो तरी दहाव्याला पोचतो.

“आणि तिला हवं होतं,” तो म्हणाला. “तिनं वाडीभर सांगितलंय, मॅडम.”

“सुतकात चालेल का पण वाजवलेलं?” सुमेधाने विचारलं. तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

“मेलेल्यांसाठीच वाजवायचंय,” शत्रुघ्न म्हणाला. “सुतकात सुतक.”

रजा होती, पासपोर्ट हातात होता, मुंबईचं विमान रोज होतं. अडवणारं कुणीही नव्हतं. हे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये. त्याने जायचं ठरवलं ते रडता रडता, पण ठरवलं त्यानेच. आणि त्यातलं निम्मं आईसाठी होतं, निम्मं त्या स्तब्ध उभ्या राहणाऱ्या गावासाठी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ऐकणार होतं. ते सोडवलं नाही त्याला.

शंकरचे त्या रात्री आणखी फोन आले. शत्रुघ्नने उचलले नाहीत. उचलून बोलणार काय? खोटं बोलावं तर जीभ वळेना, खरं बोलावं तर दादाच खोटं ठेवून बोलतोय, ते उघडं कसं पाडायचं? शेवटी दुसऱ्या दिवशी विमानात बसायच्या आधी त्याने फोनवर आपल्या आवाजात बोलून ठेवलेला निरोप पाठवला. कळलंय असं म्हणायचं नाही, पण घरच्यांना आपल्यापायी खोळंबूनही ठेवायचं नाही, अशी कसरत करत तो बोलला, “दादा, मला यायला थोडे दिवस लागतील. माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही उरकून घ्या.”

मग फोन बंद केला.

दौरा चांगला झाला. चांगला झाला हेच वाईट. दरीतल्या दफनभूमीत ओळीने दगड होते आणि त्यांवर रोमन अक्षरांत आपली नावं. जाधव, शिंदे, साळवी. तिथल्या नोंदवहीत बघितलं तर एक पवार कुडाळचा निघाला आणि बँडमधला कुडाळचा एक पोरगा त्याच्यापुढे उभा राहून हुंदके देऊन रडला. शत्रुघ्न रडला नाही. तो सुतक पाळत होता. दाढी केली नव्हती, गोड खात नव्हता, हॉटेलात गादी सोडून जमिनीवर निजत होता. नंदकुमारने एकदा चाचरत विचारलं, “दाढीचं काय, शत्रू? युनिफॉर्मवर जरा...” शत्रुघ्नने नुसतं बघितलं आणि विषय संपला.

वरच्या गावात रविवारी सकाळी चौक भरला. म्हातारे काठ्या टेकत आले, बाया मुलांना घेऊन आल्या. तिथल्या महापौरबाईंनी दगडावरची नावं वाचली आणि सगळ्या नावांची वाट लावली, पण एकही गाळलं नाही. बँडने दोन धून वाजवल्या. मग नंदकुमारने मान हलवली आणि शत्रुघ्न एकटा पुढे गेला.

खरोखरच सगळ्यांनी टोप्या काढल्या. पोरंसुद्धा गप्प. एका बाईच्या कडेवर तान्हं होतं, तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवायचासुद्धा थांबवला. शत्रुघ्नने कॉर्नेट ओठांना लावली. सूर सरळ ठेवला. दुसरा सरळ, तिसरा सरळ. शेवटच्या सुराला मात्र त्याला वाटलं, आयेला द्यावी एक, आणि त्याने अगदी बारीकशी हरकत घेतली. नंदकुमारने डोळे मिटून घेतले, पण नंतर काही म्हणाला नाही. त्यानंतर जी शांतता झाली ती शत्रुघ्नने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. आये, बघ, तो मनात म्हणाला. आता तुला दिसत असेल.

गंगूबाईंना काय दिसत होतं? दवाखान्याचं छत आणि सलाइनची बाटली.

सुमेधाने त्या दुपारी कुवेतच्या मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. दाढी वाढलेला, कॉर्नेट खाली धरलेला शत्रुघ्न. खाली लिहिलं, मातृवियोगाचं दुःख उराशी धरून आपल्या शत्रुघ्नने वीरांना मानवंदना दिली, मातोश्रींना भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेल्या हातांची रांग लागली. जिवंत बाईला अर्ध्या कुवेतने श्रद्धांजली वाहिली.

मंगळवारी सकाळी बँड कुवेतला परत आला. शत्रुघ्नचं मुंबईचं विमान संध्याकाळचं होतं, म्हणून तो विमानतळावरच थांबणार होता. बॅगा यायच्या होत्या. सगळे पट्ट्याभोवती उभे होते, पोरं चेष्टामस्करी करत होती, आणि शत्रुघ्नपाशी आले की आवाज खाली आणत होती. त्याने फोन चालू केला. शंकरचा एकही फोन नव्हता. राग आला असेल, त्याला वाटलं, आणि येणारच. तो जरा बाजूला गेला आणि फोन लावला.

“दादा, कुवेतला आलो मी. संध्याकाळचं विमान हाय. उद्या दुपारपर्यंत घरी येतो.”

“बरा,” शंकर म्हणाला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

“दहावा कुठल्या दिवशी धरलायस?”

“तुला कोणी सांगितला?” शंकरने विचारलं.

“सांगायला कशाला हवं...”

“आत्ताच तर घरी आणली. अजून कोणाला फोनपण केला नाय मी. पहाटे गेली.”

“पहाटे म्हणजे?”

“पहाटे म्हणजे पहाटे.”

“कधीच्या पहाटे, दादा?”

“आजच्या रे! काय विचारतोस?”

शत्रुघ्न पट्ट्याकडे बघत होता. बेस ड्रमची मोठी पेटी येत होती आणि दोघंजण ती उचलायला धावले होते.

“तू... तू त्या दिवशी सीरियस म्हणालास,” तो म्हणाला.

“मंग? सीरियस होती.”

“मला वाटलं...”

“काय वाटला?”

“सीरियस म्हणजे... इकडे सीरियस म्हणजे गेलेला धरतात, दादा. सगळे धरतात.”

“सीरियसला सीरियस नाय म्हणायचा तर काय म्हणायचा?” शंकरचा आवाज चढला. “गेली असती तर गेली म्हणालो असतो. मला काय भीती तुझी? पाच दिवस पडून होती. शुद्धीत होती. बोलत होती.”

शत्रुघ्न म्हणाला, “उद्यापर्यंत ठेवाल तिला? उद्या दुपारी येतो. बर्फ लागेल तो...”

“तूच म्हणालास, थांबू नका,” शंकर म्हणाला. “माणसा जमलीत. बांबू आलेत. ठेवतो फोन.”

सुमेधा हातात त्याची बॅग घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, घरचा आवाज ऐकून भरून आलं असेल. तिने त्याच्या दंडाला हलकेच हात लावला. “किती तारखेला आहे दहावा? मी फूल ना फुलाची पाकळी म्हणून मंडळातर्फे...”

“आजपासून मोजा,” शत्रुघ्न म्हणाला.

तिला कळलं नाही. त्याने सांगितलं तेव्हा ती तिथेच ट्रॉलीच्या काठावर बसली. नंदकुमार पुढे आला आणि नको तेच बोलला. “शत्रू, आम्हीपण तेच समजलो रे. कुणीही तेच समजलं असतं.”

“तुमची आये नव्हती ती,” शत्रुघ्न म्हणाला.

सुमेधाने फोन काढून ग्रुपवरची श्रद्धांजली पुसून टाकली. नवीन कुणी लिहिली नाही.

शत्रुघ्न घरी पोचला तेव्हा चितेची राख अजून ऊबदार होती. शंकर भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने भावाला पाणी दिलं, अंथरूण दाखवलं, दहाव्याला शेजारी बसवून डोकं भादरून घेतलं. वाडीतली माणसं येत होती, बसत होती. इटलीचं कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शत्रुघ्न मात्र प्रत्येकाला सांगत सुटला. न्हाव्याला सांगितलं, चुलत्याला सांगितलं, शेजारच्या सुचित्राकाकूंना दोनदा सांगितलं, की तिकडे सीरियसचा अर्थ वेगळा असतो. लोक मान हलवायचे. काकू म्हणाल्या, “असेल बाबा. पण सीरियस म्हणजे सीरियसच ना?” कुवेतमध्ये ज्या गोष्टीला नुसतं हूं म्हटलं की पुरायचं, ती इथे तासभर सांगूनही कुणाच्या डोक्यात शिरेना.

एका दुपारी नर्मदावहिनी पडवीत तांदूळ निवडत होती. तो तिच्यापाशी जाऊन बसला.

“वहिनी, माझा निरोप आला होता तो. उरकून घ्या म्हणून. आयेला सांगितलात काय?”

नर्मदा खडे बाजूला काढत राहिली.

“सांगा.”

“सांगितला नाय,” ती म्हणाली. “ह्यांनी तिच्या उशाशीच लावला फोन. मोठ्यानं. तिलाच घाई, शतरूचा काय आला, शतरूचा काय आला. आम्हाला काय माहीत आत काय हाय ते.”

“मग?”

“मग काय. आयकलान.”

“काय म्हणाली?”

“काय नाय म्हणाली. भिंतीकडं तोंड केलान.” नर्मदाने सूप हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. “सकाळपासनं पेज पेज करीत होती. मी करून नेली होती डब्यातनं, मिठाची, तिला आवडते तशी. ती नको म्हणाली मंग.”

शत्रुघ्न उठून अंगणात गेला आणि तिथल्या तिथे फिरत राहिला. आईचं चिंच भिजवायचं पातेलं तिथे उन्हात पालथं होतं. त्याने ते उचललं नाही.

तेरावा झाला, रजा संपत आली. शंकर त्याला रिक्षाने हायवेपर्यंत सोडायला आला. मुंबईची गाडी यायला वेळ होता. दोघे रस्त्याकडेला बॅगेपाशी उभे राहिले, दोघांच्या डोक्यांवर सारखेच खुंट. शत्रुघ्नने पुन्हा सुरुवात केली.

“दादा, तू तिकडे असतास ना, तर तुलापण तसाच वाटला असता. एक जण नाय असा, ज्याला फोन आला आणि...”

“शतरू,” शंकर म्हणाला, “एक विचारतो. धर, तुला वाटला तसाच झाला असता. ती त्याच दिवशी गेली असती. तरी तू आला नसतास?”

समोरून ट्रक गेले, एक, मागोमाग दुसरा. शत्रुघ्नला खोटं बोलायला जागा होती. एवढं तरी त्याने केलं, की ते बोलला नाही.

“नसतो आलो,” तो म्हणाला.

“मंग त्या शब्दाला कशाला धरून बसलायस?” शंकर म्हणाला.

वळणावर गाडी दिसली. शंकरने हात केला. गाडी थांबली तशी त्याने बॅग उचलून डिकीत टाकली, कॉर्नेटची पेटी भावाच्या हातात दिली, आणि गाडी हलायच्या आधीच रिक्षा वळवून तो वाडीच्या रस्त्याला लागला.